गाडीतल्या छोट्या कटकटी आणि त्यात लपलेला धंदा



"सर, कार अ‍ॅक्सेसरीजचं दुकान टाकायचंय, माल कोणता भरू?" हा प्रश्न मला सारखा येतो. बहुतेक जण होलसेल मार्केटला जातात आणि तिथला माणूस जे 'चालतंय' म्हणेल ते उचलतात. मी म्हणतो, आधी गाडीत बसा आणि ती रोज कुठे त्रास देते ते बघा. दहा-बारा लाखांच्या गाडीतही डोकं फिरवणारी एखादी बारीक गोष्ट असतेच.

एक खरं उदाहरण घ्या. १९८६ साली फोर्ड कंपनीतले जिम मॉयलन भर पावसात ऑफिसच्या गाडीत पेट्रोल भरायला गेले. टाकीचं झाकण नेमकं दुसऱ्या बाजूला निघालं आणि ते भिजले. आपण काय केलं असतं? दोन शिव्या घालून विसरलो असतो. त्यांनी कंपनीला लेखी सुचवलं, की इंधनाच्या काट्याजवळ एक छोटी खूण द्या, म्हणजे झाकण कोणत्या बाजूला आहे ते कळेल. १९८९ च्या मॉडेलपासून फोर्डच्या गाड्यांवर तो बाण आला. आज तो जवळपास प्रत्येक गाडीत दिसतो. तुमच्या गाडीतही बघा.

या खोड्या राहतात कशा?

कंपन्यांना कळत नाही असं नसतं. साधारण तीन कारणं असतात.

पहिलं, पैसे वाचवणं. टाटा नॅनो आठवा. सुरुवातीच्या नॅनोची डिकी मागून उघडतच नव्हती, सामान ठेवायला मागची सीट पाडावी लागायची. पेट्रोलचं झाकण पुढच्या बॉनेटखाली होतं. उघडणारी डिकी आली ती २०१५ च्या मॉडेलमध्ये.

दुसरं, एकच गाडी अनेक देशांत विकणं. मारुती, ह्युंदाईमध्ये इंडिकेटरचा दांडा उजव्या हाताला असतो. स्कोडा, फोक्सवॅगनमध्ये तो डाव्या हाताला, कारण मूळ डिझाइन युरोपातलं. नवा मालक वळताना इंडिकेटर द्यायला जातो आणि चालू होतो वायपर!

तिसरं, शोरूममधला दिखावा. चकचकीत काळं प्लास्टिक शोरूममध्ये भारी दिसतं. महिनाभरात त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे. फिक्या रंगाच्या सीट आपल्या पावसाळ्यात आणि धुळीत टिकत नाहीत. टचस्क्रीनचंही तेच. एसी कमी करायला रस्त्यावरची नजर काढावी लागते. लोकांची नाराजी बघून फोक्सवॅगनने गोल्फच्या स्टिअरिंगवर पुन्हा साधी बटणं आणली.

कारण कळलं की धंदा कळतो

प्रत्येक खोडीवर वस्तू विकता येत नाही. इंडिकेटरचा दांडा आपण हलवू शकत नाही. पण तुम्ही गाड्या भाड्याने देत असाल तर किल्ली देताना दोन मिनिटं समजावून सांगू शकता. ती सेवाच आहे, आणि गिऱ्हाईक ती लक्षात ठेवतं. काळ्या प्लास्टिकवर मात्र मापात कापलेली संरक्षक फिल्म विकता येते, सीटवर कव्हर विकता येतं.

आता महत्त्वाचं. छोटी वस्तू म्हणजे छोटी जबाबदारी, असं समजू नका. २००९ मध्ये अमेरिकेत एका डीलरने वापरायला दिलेल्या लेक्सस गाडीत दुसऱ्या मॉडेलचं मॅट टाकलेलं होतं. अ‍ॅक्सिलरेटर त्यात अडकला, गाडी थांबेना आणि चार जण गेले. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या धोक्यासाठी सुमारे ३८ लाख गाड्या रिकॉलमध्ये घेतल्या. म्हणून दुकानात तीन नियम पाळा:

१. ड्रायव्हरच्या पायाखाली त्याच मॉडेलचं मॅट, हुकात अडकवूनच. जुन्या मॅटवर नवं टाकायचं नाही.
२. सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर ती जागा मोकळी सोडणारंच कव्हर.
३. वायर कापून बसवायची वस्तू असेल तर वॉरंटीचं काय होईल ते आधी सांगा. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कायदाही बघा. केंद्राने २०१७ च्या डिसेंबरमध्ये बुल गार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. असा माल भरून ठेवला तर पैसे अडकतातच, वर गिऱ्हाइकाला दंड बसतो तो वेगळा.

माल भरण्याआधी हे करा

गाडीमालकाला "काही त्रास आहे का?" असं विचारू नका. लाखो रुपये घातलेला माणूस "एकदम मस्त गाडी आहे" असंच म्हणणार. त्यापेक्षा विचारा, "तुम्ही यात स्वतःहून काय काय बसवलंत?" आणि गाडीतला जुगाड बघा. सीटवर टाकलेला टॉवेल, काचेवर अडकवलेला रुमाल, गिअरजवळ खोचलेला मोबाइल. जिथे जुगाड दिसतो, तिथे कंपनीने काहीतरी सोडलेलं असतं.

वॉशिंग सेंटरवर दोन रविवार बसा आणि वहीत तीन रकाने करा: गाडीचं मॉडेल, जुगाड, माझ्याकडे उपाय आहे का. एकच जुगाड एकाच मॉडेलच्या पाच-सहा गाड्यांत दिसला, तर त्या मॉडेलचे चार-पाच नगच आणा. समजा एका मॉडेलचे ९०० रुपयांचे २० मॅट सेट उचलले, तर १८,००० रुपये अडकले. उद्या कंपनीने मॉडेल बदललं की तो माल पडून राहिला. पाच आणले तर अडकतील फक्त ४,५००. ते विकले गेले की पुढचे आणा.

वही भरली की कमेंटमध्ये सांगा, कोणत्या मॉडेलमध्ये कोणता जुगाड सगळ्यात जास्त दिसला. त्यावरच पुढचा व्हिडिओ करू.