तांब्याचा पैसा : आधी ठसा ओळखा, मग दाम करा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधोमध असलेल्या आमच्या जांभूळ परिसरात भंगाराच्या काट्यावर फुटक्या तांब्याच्या भांड्यांबरोबर कधी कधी जुने पैसेही येतात. कोणी ते तांब्याच्या वजनावर विकून टाकतो, तर कोणी त्याच पैशाला ‘शिवकालीन’ म्हणून हजारोंचा भाव लावतो. दोन्हीकडे नुकसान न जाणणाऱ्याचे. म्हणून व्यापारी व कारागीर बंधूंसाठी चार गोष्टी आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, केवळ नावावर जाऊ नये. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पुढे छत्रपती व पेशवे यांच्या अमदानीतही हेच नाव घालून शिवराया पडत राहिल्या. दोन ओळींमध्ये दोन आडव्या समांतर रेघा असल्या तर ती ‘दुदांडी’ शिवराई, म्हणजे उतरत्या काळातली. जुनी शिवराई सहसा तिच्याहून वजनदार असते.

दुसरी गोष्ट, ठशांचे प्रकार. आम्हा कापडवाल्यांना हे समजणे सोपे आहे. छपाईचा लाकडी ठसा झिजला की कारागीर नवा कोरतो. नक्षी तीच, पण पाकळी थोडी फिरते. नाण्यांचेही तसेच. ठसे हाताने कोरलेले, त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे वेलांटी वेगळी. त्यात तांब्याची चकती ठशापेक्षा लहान, म्हणून एका नाण्यावर सगळी अक्षरे क्वचितच उतरतात. संग्राहक अशा दोन-चार नाण्यांवरून पुरा ठसा जुळवतात. दुर्मिळ ठशाला भाव येतो, निव्वळ जुनेपणाला नाही.

तिसरी गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ व १७९४ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत यंत्रावर तांब्याचे पैसे पाडून आणले. एका बाजूस कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूस तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये अरबी अक्षरांत ‘अदल’, म्हणजे इन्साफ. यंत्राची नाणी एकसारखी दिसतात, पण बारकावे त्यांतही असतात. १८३५ च्या कायद्यानंतरचा पाव आणा १०० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम भरतो. तो तीन टांकसाळींत पडला, म्हणून त्याच्या वेलीची पाने-फळे भिंगाखाली ताडून पाहावीत.

चौथी गोष्ट, फसवणूक. रामदरबाराचे चित्र, ‘१८१८’ साल आणि कंपनीचे नाव असलेला आणा बाजारात फिरतो. कंपनीने असे नाणे चलनात कधीच काढले नाही. जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी फी किंवा कर भरा, असे कोणी रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगितले तर पैसे देऊ नयेत. अशा लबाडीपासून सावध राहण्याचा इशारा बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला आहे.

नाणे हाती आले तर चिंच, राख किंवा तेजाब लावून घासू नये. काळपट रंग गेला की भाव उतरतो. वजन करावे, दोन्ही बाजू सूर्यप्रकाशात पाहाव्यात, जाणकाराला दाखवावे. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचा जुना ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करण्यास परवाना लागतो. विक्रीच्या नियतीने घेतलेली नाणी व्यापारी मालच होत, त्यांची जकात हिशोबात धरावी.

सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना सख्त ताकीद आहे. ऐब झाकून नाणे विकणे हेही त्याच वाटेचे. तराजूवर ‘अदल’ कोरलेला पैसा गल्ल्यात ठेवायचा, तर सौदाही अदलचाच असावा.