क्रीडापानावर काय यावे, हे कोण ठरवते?

भारतातील क्रीडापत्रकारितेविषयीची सर्वांत जुनी आणि रास्त तक्रार अशी, की क्रिकेट संघनिवडीच्या शक्यतांवर, एखाद्या फलंदाजाच्या दुखापतीवर आणि अजून न झालेल्या सामन्याच्या अंदाजांवर रकानेच्या रकाने खर्ची पडतात, आणि त्याच आठवड्यात राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या धावपटूच्या किंवा खो-खोपटूच्या वाट्याला पानाच्या तळाशी जेमतेम चार ओळी येतात. या तक्रारीला ‘वाचकांना हेच हवे असते’ असे ठरलेले उत्तर दिले जाते. ते उत्तर कितपत टिकते हे पाहायचे असेल, तर क्रीडाबातमीची निवड मुळात कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे.

माध्यमांच्या अभ्यासात या निवडीला ‘द्वारपालन’ म्हणतात. म्हणजे घडलेल्या असंख्य घटनांपैकी कोणती वाचकांपर्यंत जाऊ द्यायची आणि कोणती वाटेतच अडवायची, हे ठरवण्याची प्रक्रिया. डेव्हिड मॅनिंग व्हाइट या अभ्यासकाने १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी एका अमेरिकी वृत्तपत्रातील उपसंपादकाच्या कामाची नोंद ठेवली, तेव्हा वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या मजकुरापैकी सुमारे नऊ-दशांश मजकूर तो बाजूला टाकत असल्याचे दिसून आले. क्रीडाविभागातही असेच घडते. क्रिकेटचे वेळापत्रक कितीतरी महिने आधी ठरलेले असते, पत्रकार परिषदा नेमाने होतात, छायाचित्रे आणि आकडेवारी सामना संपता संपता हाती येते. उलट जिल्हा पातळीवरच्या कबड्डी स्पर्धेचा निकाल मिळवण्यासाठी प्रतिनिधीला प्रत्यक्ष मैदानावर जावे लागते, किंवा संयोजकांच्या फोनची वाट पाहावी लागते. पान लावण्याची वेळ ठरलेली आणि मनुष्यबळ तोकडे असले, की जी बातमी विनासायास मिळते तीच महत्त्वाची ठरू लागते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत याला प्रक्षेपण हक्कांच्या अर्थकारणाची जोड मिळते. प्रक्षेपण हक्क म्हणजे एखादी स्पर्धा दाखवण्याचा अधिकार ठरावीक काळासाठी पैसे मोजून विकत घेणे. इंडियन प्रीमियर लीगचे २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम गुंतवणाऱ्या कंपन्या त्या स्पर्धेची चर्चा सतत पेटती ठेवणार हे उघड आहे. मात्र त्या कंपन्यांची जाहिरातीची गरज आणि वृत्तविभागाने करायची बातमीची निवड यांतील सीमारेषा पुसली गेली, तर जे विकत घेतले आहे तेच महत्त्वाचे आहे असा समज प्रेक्षकांच्या मनात रुजतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, क्रिकेट प्रक्षेपणाच्याच वादात, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले होते. राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडास्पर्धांचे थेट प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही उपलब्ध करून द्यावे, असा कायदा २००७ मध्ये झाला. या दोन्ही घटनांमागे एकच तत्त्व आहे, ते म्हणजे खेळ पाहण्याच्या बाबतीत जनतेचाही काही हक्क असतो. परंतु कोणत्या खेळाबद्दल लिहिले जावे, या प्रश्नापर्यंत ते तत्त्व अद्याप पोहोचलेले नाही.

बातमीची निवड म्हणजे केवळ जागेचे वाटप नव्हे. मिळालेल्या जागेत काय सांगितले जाते, हेही निवडीतच येते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पोटावर पडून आणि उभे राहून अशा तीन स्थितींत नेम धरायचा असतो. ५० मीटरवरील लक्ष्याच्या मध्यभागी असलेले दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि शरीर सर्वांत अस्थिर असणारी उभी स्थिती अंतिम फेरीच्या शेवटी, नेमबाज एकेक करून बाद होत असताना येते. स्वप्नील पहिल्या दोन स्थितींनंतर पदकाच्या बाहेर होता आणि याच अवघड टप्प्यात तो तिसऱ्या क्रमांकावर चढला. असे असूनही अनेक बातम्यांचा भर या चढाईवर नव्हता. स्वप्नील तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि महेंद्रसिंग धोनीही एकेकाळी तेच काम करत होता, या साम्यावर होता. स्वप्नीलने धोनीविषयीचा आदर स्वतः बोलून दाखवला होता, त्यामुळे तो उल्लेख गैर नाही; परंतु नेमबाजाची कामगिरी समजावून सांगण्यासाठीही क्रिकेटपटूचा आधार लागावा, यातून इतर खेळांची भाषा माध्यमांनी किती कमी आत्मसात केली आहे हे दिसते.

या अनास्थेचा इतिहास जुना आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीत कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. गावाकडच्या लोकांनी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून त्यांचे स्वागत केले. देशाच्या पातळीवर मात्र त्याच स्पर्धेतील हॉकीच्या सुवर्णपदकापुढे हे यश झाकोळले गेले. पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडावे लागले, यावरून खाशाबांच्या कामगिरीचे मोल कळते. तरीही त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९८४ मधील त्यांच्या निधनानंतर कितीतरी वर्षांनी. ज्याच्याविषयी सातत्याने लिहिले जात नाही तो खेळाडू शासनाच्या आणि समाजाच्या स्मरणातूनही निसटतो, आणि ही हानी क्रीडापानापुरती मर्यादित राहत नाही.

‘वाचकांना हेच हवे असते’ या युक्तिवादात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही, कारण क्रिकेटची लोकप्रियता खरी आहे आणि १९८३ च्या विश्वविजयापासून ती पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली आहे. परंतु आवड जोपासता येते, हेच या इतिहासातून सिद्ध होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हा चढाईच्या ३० सेकंदांचे घड्याळ पडद्यावर आले, पकडी संथगतीने पुन्हा दाखवल्या गेल्या, खेळाडूंच्या गावांच्या आणि घरांच्या कथा सांगितल्या गेल्या, आणि ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत असे मानले जात होते त्याला पहिल्याच हंगामात देशभर प्रेक्षक लाभले. क्रिकेटच्या आतही हेच दिसते. भारतीय महिला संघ २००५ मध्येही विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता, पण तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१७ मध्ये लॉर्ड्सवरील अंतिम सामना घरोघरी पाहिला गेला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकणाऱ्या खेळाडूंची नावे मुलांच्याही तोंडी झाली. खेळ तोच होता. दाखवणाऱ्यांची तयारी बदलली होती.

यावरचा उपाय क्रिकेटची जागा हिरावून घेणे हा नाही. दर चार वर्षांनी ऑलिंपिक आले की पंधरा दिवस जागे होण्याची सवय मोडणे, हा खरा उपाय आहे. कुस्ती, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, नेमबाजी आणि बुद्धिबळ यांसाठी वर्षभर जबाबदार असणारा प्रतिनिधी नेमणे, जिल्हा आणि राज्य स्पर्धांचे निकाल नियमित छापणे आणि निकालाबरोबर खेळाचे डावपेच उलगडून सांगणे, एवढे तरी प्रादेशिक वृत्तपत्रांना निश्चितच शक्य आहे. गावोगावच्या कुस्ती मैदानांवरील निवेदक ढाक, घिस्सा आणि एकेरी पट या डावांतील फरक हजारो प्रेक्षकांना बोलता बोलता समजावून देतात, तर छापील शब्दांना ते अवघड वाटण्याचे कारण नाही. वाचकांनीही आपल्या जिल्ह्यातील खेळाडूची बातमी आली नाही तर ती संपादकांकडे मागितली पाहिजे आणि आली तर आवडल्याचे कळवले पाहिजे, कारण मागणीची नोंद होत नाही तोवर ‘वाचकांना हेच हवे असते’ हा दावा खोडून काढणारा पुरावा निर्माण होत नाही. क्रीडापत्रकारितेचे मोल लोकप्रिय खेळाडूंना आणखी लोकप्रिय करण्यात फारसे नाही. जो पराक्रम अन्यथा कुणाच्या नजरेस पडला नसता तो वेळेवर लोकांसमोर आणण्यात ते आहे.