कर्नेल-दोषनिवारण
संगणकाच्या परिचालन प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. त्यातील ज्या चुकीमुळे सर्व यंत्रणा एकाएकी बंद पडते, ती शोधून दुरुस्त करण्याच्या क्रियेस कर्नेल-दोषनिवारण म्हणतात. प्रक्रियकाचा वेळ, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांचे वाटप कर्नेल करते. एखादी सामान्य आज्ञावली चुकल्यास कर्नेल तेवढीच थांबवते व बाकीचे काम चालू राहते. कर्नेलवर मात्र देखरेख करणारे दुसरे कोणी नसते. म्हणून सावरता न येणारी विसंगती स्वतःमध्ये आढळल्यास ते हेतुतः सर्व काम थांबवते. युनिक्स परंपरेत या अवस्थेस ‘पॅनिक’ म्हणतात. काम तसेच रेटल्यास तबकडीवरील माहिती दूषित होण्याचा धोका असतो. त्या मानाने बंद पडणे परवडते.

शून्य वा अवैध पत्त्यावरील स्मृतीचा वापर, स्टॅकची मर्यादा ओलांडणे, दोन प्रक्रियकांनी एकच माहिती कुलूप न लावता एकाच वेळी बदलणे ही अशा बिघाडाची नेहमीची कारणे होत. यांतील शेवटचा प्रकार विशेष त्रासदायक असतो. तपासासाठी एखादी छपाईची आज्ञा घातली, तरी वेळेचे गणित बदलून दोष दिसेनासा होतो.

लिनक्समध्ये बिघाडाच्या वेळी ‘ऊप्स’ नावाचा संदेश उमटतो. त्यात रजिस्टरांतील मूल्ये, चुकलेल्या आज्ञेचा पत्ता आणि तेथवर पोहोचलेल्या फलनांची साखळी असते. यावरून मूळ आज्ञावलीतील ओळ सापडते. पण जेथे प्रणाली कोसळते ती ओळ पुष्कळदा निर्दोष असते. समजा, एखादे उपकरण काढताना त्याच्या ड्रायव्हरने स्मृतीचा एक तुकडा परत केला, परंतु त्यावर अवलंबून असलेला टायमर रद्द केला नाही. थोड्या वेळाने तो तुकडा फाइल व्यवस्थेच्या वाट्याला जातो, टायमर वाजतो, त्या तुकड्यात भलतेच काही लिहिले जाते आणि बिघाड फाइल व्यवस्थेत प्रकट होतो. तेथे शून्य पत्त्याची तपासणी घालणे म्हणजे केवळ लक्षणावर उपचार होय. खरी दुरुस्ती ड्रायव्हरमध्ये, स्मृती परत करण्यापूर्वी टायमर रद्द करणाऱ्या एका ओळीची असते.

बिघडलेल्या कर्नेलकडूनच त्याच्या बिघाडाची जबानी घ्यावी लागते, ही या कामातील मूळ अडचण आहे. साक्षीदार बाहेरचा हवा. केजीडीबी या साधनात दोन संगणक सीरियल केबलने जोडतात. एकावर तपासावयाचे कर्नेल चालते, तर दुसऱ्यावरून ते हव्या त्या आज्ञेवर थांबवून त्याची स्मृती वाचता येते. या साधनाच्या जडणघडणीत पुण्याचा वाटा आहे. तेथील लिनसिससॉफ्ट या संस्थेतील अमित काळे यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत त्याची देखभाल केली. त्या काळी केजीडीबी मूळ लिनक्समध्ये समाविष्ट नव्हते. ते वेगळे घेऊन जोडावे लागे. लिनक्सचे जनक लीनस टॉरव्हाल्ड्स यांनी अशा साधनांविषयीची आपली नावड २००० मध्ये स्पष्टपणे मांडली होती. त्यांच्या मते त्यांमुळे विचार करण्याऐवजी वरवरची डागडुजी करण्याची सवय लागते. वरील टायमरचे उदाहरण पाहता हा आक्षेप अगदीच निराधार म्हणता येत नाही. तथापि अनोळखी उपकरणाच्या ड्रायव्हरमधील दोष केवळ वाचनाने सापडेलच असे नाही. पुढे जेसन वेसल यांच्या प्रयत्नांनी केजीडीबी २.६.२६ या आवृत्तीत (जुलै २००८) मूळ लिनक्समध्ये आले.

ग्राहकाच्या संगणकाला दुसरा संगणक जोडून ठेवणे शक्य नसते. त्यासाठी केडम्प ही पद्धती २.६.१३ या आवृत्तीत (२००५) आली. तिच्या विकासात आयबीएमच्या बंगलोर येथील अभियंत्यांचा मोठा सहभाग होता. हिच्यात स्मृतीचा काही भाग आधीच राखून त्यात दुसरे छोटे कर्नेल ठेवतात. पहिले कोसळताच दुसरे सुरू होते व पहिल्याच्या स्मृतीची प्रत जतन करते.

पूर्वीच्या आवृत्तीत नसलेला दोष नव्या आवृत्तीत आल्यास मधल्या बदलांची यादी निम्मी निम्मी करीत तपासतात. १,००० बदलांतून दोषी बदल सुमारे १० चाचण्यांत निघतो. २०१५ पासून लिनक्समध्ये असलेले केएएसएएन हे साधन परत केलेल्या स्मृतीला स्पर्श होताच सूचना देते आणि ती स्मृती कोणी मागितली व कोणी परत केली, हेही सांगते. साहजिकच त्यामुळे कर्नेल मंदावते व स्मृतीही अधिक लागते. म्हणून ते प्रायः चाचणीच्या संगणकांवरच वापरतात.