मशीनला प्लेटलेटचा गठ्ठा दिसत नाही

“मशीनमधून आलाय रिपोर्ट, चुकेल कसा?” पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीशी उभे राहा, हे वाक्य ऐकू येईलच. नातेवाइकांनी म्हटलं तर समजू शकतं. पण हल्ली डॉक्टरही म्हणतात आणि काही लॅबवाले तर पाटीवरच रंगवतात : ‘संपूर्ण संगणकीकृत, रोबोटिक लॅब’. तीस खाटांच्या रुग्णालयातला हा रोबो म्हणजे बहुतेक वेळा फुली ऑटो ॲनालायझरमधला हात असतो. तो बल्बातलं सिरम मोजून उचलतो, रीएजंटमध्ये सोडतो, सुई धुतो आणि पुढच्या बल्बाकडे वळतो. काम चोख करतो, दुपारी चारनंतर पेंगत नाही. मात्र बल्बात रक्त कुणाचं आहे आणि ते कसं काढलंय, हे त्याला कळायला मार्ग नाही.

सीबीसीचंच, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याच्या तपासणीचंच घ्या. सेल काउंटरच्या मुळाशी वॉलेस कोल्टर यांचं 1953 च्या पेटंटमधलं तत्त्व आहे. पातळ केलेलं रक्त बारीक छिद्रातून जातं, प्रत्येक पेशी विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडवते. अडथळा छोटा असेल तर प्लेटलेट, मोठा असेल तर लाल पेशी. आता दहा-बारा प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठ्यानं आल्या तर? मशीन त्यांना प्लेटलेट मानतच नाही, कधी तर तो गठ्ठा पांढऱ्या पेशींच्या खात्यावर जमा होतो. रिपोर्टवर 38 हजार छापून येतात, रुग्णाच्या अंगात मात्र दीड लाखावर प्लेटलेट असू शकतात. आणि घरचे लोक रक्तपेढीच्या वाटेला लागलेले असतात.

गठ्ठे होतात ते बहुधा हलगर्जीपणामुळे. शीर सापडायला वेळ लागला किंवा रक्त घेतल्यावर जांभळ्या टोपणाचा बल्ब आठ-दहा वेळा हलकेच उलटसुलट केला नाही, की गुठळी धरते. कधी कुणाचीच चूक नसते : साधारण हजारात एखाद्याच्या रक्तात त्या बल्बातल्या, रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए या रसायनामुळेच प्लेटलेट चिकटतात. त्या माणसाला काहीही झालेलं नसतं. उपाय जुनाच आहे. काचपट्टीवर रक्त पसरा, मायक्रोस्कोपखाली पाहा. गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या सायट्रेट बल्बात पुन्हा रक्त घ्या आणि आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणा, कारण त्या बल्बातल्या द्रवानं रक्त थोडं पातळ झालेलं असतं.

चीड येते ती पुढच्या गोष्टीची. बऱ्याचदा मशीननं स्वतःच ‘गठ्ठ्यांची शंका’ असा इशारा पडद्यावर दिलेला असतो. तो वाचायला कुणी थांबत नाही. आकडा तेवढा रिपोर्टवर उतरतो. मग दोष कुणाचा?

मशीनचा कमी, माणसांचा जास्त. पटत नसेल तर इटलीतल्या पाडुआचा अभ्यास पाहा. प्लेबानी आणि करारो यांनी तिथल्या रुग्णालयाच्या तातडीच्या लॅबमधल्या चुका मोजल्या आणि 1997 मध्ये ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात छापल्या. 68.2 टक्के चुका नमुना मशीनमध्ये जाण्याआधीच्या, 18.5 टक्के नंतरच्या, प्रत्यक्ष तपासणीतल्या फक्त 13.3 टक्के. त्यांनीच पुन्हा केलेली पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली : आधीच्या 61.9, तपासणीतल्या 15. म्हणजे आपण ज्या टप्प्यावर लाखो रुपये ओततो, तिथे सगळ्यांत कमी चुका होतात. नाव चुकणं, सलाइन चालू असलेल्याच हातातून रक्त काढणं, कमी पडलं म्हणून जांभळ्या बल्बातलं थोडं साध्या बल्बात ओतणं, यांवर रोबो काय करणार? त्या शेवटच्या उद्योगात ईडीटीएमधलं पोटॅशियम सिरममध्ये येतं आणि कॅल्शियम बांधलं जातं. जिवंत माणसात असूच शकणार नाही असा पोटॅशियमचा आकडा मशीन निमूटपणे छापतं.

नवं मशीन म्हणजे अचूक मशीन, हेही खरं नाही. रोज कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना लावला, त्याचे आकडे आलेखावर मांडले आणि ते भरकटल्यावर रुग्णांचे रिपोर्ट थांबवले, तरच त्यावर विसंबता येतं. दिवसाला वीस नमुने येणाऱ्या लॅबला हा खर्च जड जातो, म्हणून कात्री आधी इथेच लागते. ‘रोज कंट्रोल लावता का?’ हा प्रश्न तुमच्या लॅबला जरूर विचारा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहा.

बाकीचे समज झटपट. मशीन आलं की टेक्निशियन घरी? पिपेट हातातून सुटतं; स्लाइड, क्रॉसमॅच आणि न पटणारा आकडा त्याच्याच गळ्यात राहतो.

मशीन असताना सहीला पॅथॉलॉजिस्ट कशाला? कारण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये तसं स्पष्ट केलंय, आणि कारण वर सांगितलेले गठ्ठे.

नमुना शहरातल्या मोठ्या लॅबला पाठवला की रिपोर्ट जास्त खरा? पेशी वेगळ्या न केलेल्या रक्तातली साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरत असते. साध्या बल्बात तो नमुना दुपारभर डब्यात फिरला, तर शहरातलं उत्तम मशीन ती उतरलेली साखर अगदी अचूक मोजतं.

बोटाच्या एका थेंबात सगळ्या चाचण्या? अमेरिकेतल्या थेरानोसनं हेच विकलं. 2016 मध्ये कंपनीला आपल्या ‘एडिसन’ यंत्राचे दोन वर्षांचे निकाल रद्द करावे लागले. संस्थापक एलिझाबेथ होम्स 2022 मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरल्या.

आणि ठळक छापलेला आकडा म्हणजे आजार? सर्वसाधारण मर्यादा ठरवतानाच निरोगी लोकांपैकी पाच टक्के बाहेर ठेवलेले असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर ठणठणीत माणसाचाही किमान एक आकडा ठळक येण्याची शक्यता 64 टक्के. सत्तर चाचण्यांच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजचं गणित घरी करून पाहा.