कुंडीतली कळलावी

रोपवाटिकेत ‘ग्लोरिओसा’ अशी चिठ्ठी लावून भुशात गुंडाळलेला जो महागडा कंद विकायला असतो, तो आपल्या कळलावीचाच भाऊबंद. झिंबाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, तमिळनाडूचं राज्यफूल. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथला दक्षिण ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, शाळकरी मुलांकडून हिऱ्यांचा ब्रोच भेट मिळाला, तोही याच फुलाच्या आकाराचा. आणि आपल्याकडे? भाद्रपदात कोकणातल्या कुंपणांवर ती फुकट फुलते, ‘गौरीचे हात’ म्हणून गौरीपुढे मांडली जाते, गोव्यात गणपतीच्या माटोळीला बांधली जाते.

फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग टोकाकडून लाल चढत जातो आणि शेवटी सगळंच लालभडक होतं. कडा नागमोडी, सहाही पाकळ्या मागे वळलेल्या. खरी गंमत खाली आहे: परागवाहिनी बुडाशीच काटकोनात वळून पुंकेसरांपासून लांब जाते. त्यामुळे आपले पराग आपल्याच फुलाला सहजी लागत नाहीत. तमिळनाडूत बियांसाठी कळलावीची शेती होते, तिथे मजूर सकाळी फुलाफुलाला हाताने पराग लावत फिरतात.

कुंडीत लावायची तर आधी कंद नीट पाहा. नांगरासारखा दोन फाट्यांचा, बोटाएवढा जाड आणि फार ठिसूळ. कोंब फक्त फाट्याच्या टोकाला येतो. टोक मोडलं की तो फाटा गेला. बटाट्यासारखे डोळे शोधत बसू नका. किमान बारा इंची, खोल कुंडी घ्या. माती, जाडसर वाळू आणि मुरलेलं शेणखत एकत्र करा. पाणी साचलं की कंद कुजतो, म्हणून वाळूत कंजुषी नको. मेअखेरीस किंवा मृगाच्या सुमारास कंद आडवा ठेवून दोन-तीन इंच मातीखाली झाका. कोंब वर येईपर्यंत माती जेमतेम ओली असली तरी पुरते.

आधाराच्या बाबतीत मात्र हमखास गफलत होते. जाड बांबू तिला धरताच येत नाही, कारण ती वेढे घेत चढत नाही. पानाचा शेंडाच लांबून त्याचा बारीक तणावा होतो आणि तो काडीला गुंडाळी मारतो. सुतळी, तारेची जाळी किंवा वाळकी डहाळी द्या. मुळं सावलीत, शेंडा उन्हात, हे तिला मानवतं. कळ्या दिसू लागल्या की पंधरा दिवसांनी एकदा पालाशयुक्त पातळ खत द्या.

पावसाळ्यात काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या दिसल्या तर दुर्लक्ष करू नका. लिलीवर्गावर वाढणाऱ्या एका पतंगाच्या या अळ्या एका-दोन रात्रींत वेल खराट्यासारखी करतात. सकाळी चिमट्याने वेचणं हा सगळ्यांत चांगला उपाय.

वेलीचा प्रत्येक भाग विषारी आहे, कंद आणि बिया सर्वाधिक. त्यातलं कोल्चिसिन गाऊटवर औषध म्हणून अत्यंत मोजून दिलं जातं. त्याची मात्रा घरी ठरवायची नसते. श्रीलंकेत रताळं समजून कंद खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. उलट्या-जुलाब काही तासांनी सुरू होतात, म्हणून ‘काही झालं नाही’ असं समजून थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावं. कंद हाताळताना हातमोजे घाला. घरात रांगतं मूल किंवा कुंड्या उकरणारं कुत्रं असेल तर ही हौस पुढे ढकला.

आता फुलं सरल्यावरचं काम. दिवाळीच्या आसपास वेल पिवळी पडून वाळते. ती मेलेली नसते, पण कुंडीतल्या बहुतेक कळलाव्या यानंतर मायेने घातलेल्या पाण्यानेच जातात. पाणी बंद करा, वाळलेली वेल कापा, कुंडी छपराखाली सरकवा आणि मेपर्यंत विसरा. जुना कंद सुकून त्याच्या जागी नवा झालेला असतो. दर वर्षी उकरायची गरज नाही. दोन-तीन वर्षांनी कुंडीत गर्दी झाली की फाटे सांध्यावर अलगद वेगळे करा.

एक विनंती. औषधी व्यापारासाठी रानातली कळलावी आधीच भरपूर उपसली गेली आहे. ट्रेकला गेल्यावर कंद खणून आणू नका, रोपवाटिकेतूनच घ्या. बी पेरूनही वेल येते, फक्त पहिलं फूल दिसायला तीन-चार पावसाळे जातात.