दहब : ‘हवा’ आहे का?

अरबीत दहब म्हणजे सोनं. सिनाई द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावर, अकबाच्या आखाताकाठचं हे गाव. शर्म अल शेखहून डोंगरातल्या रस्त्याने दीडेक तासाचं अंतर. मूळ वस्ती मुझैना बदूंची. १९६७ ते १९८२ हा मुलूख इस्रायलच्या ताब्यात होता.

इथलं सर्फिंग वाऱ्याचं, शिडाच्या फळीवरचं. दोन्ही काठांच्या डोंगरांमध्ये आखाताची नळी होते आणि उत्तरेचा वारा तिच्यातून वेग घेत येतो. त्यातच वाळूच्या एका लांब जिभेने लाटा अडवून धरल्या आहेत. तिच्या आड पाणी सपाट. नवशिक्यासाठी याहून मायाळू जागा मला ठाऊक नाही.

ओळख व्हायला शीड पुरतं. किनाऱ्यावरची पोरं आधी तुमचा दोर बघतात, सैल वाटला तर स्वतःच ओढून घट्ट करतात. मग छोट्या काचेच्या ग्लासात काळा, भरपूर गोड चहा येतो. त्यात बऱ्याचदा हबक, म्हणजे पुदिन्याच्या वासाचा पाला. तो आवर्जून घ्यावा, आणि पिता पिता वारा कुठे खोल पाण्याकडे ओढतो तेही विचारून घ्यावं. ते त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही.

मराठी माणसाला एक शब्द तर शिकावाच लागत नाही. वाऱ्याला इथे ‘हवा’च म्हणतात. तोच अरबी शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. सकाळी दारात उभं राहून नुसतं ‘हवा?’ विचारलं, की समोरचा आकाशाकडे बघून उत्तर देतो.