मांडव उभारताय? आधी शेवटच्या रांगेत जाऊन ऐका!

मंडप-डेकोरेशनच्या धंद्यात उतरायचंय? मग एक गोष्ट पक्की करा. गाण्याच्या किंवा नाटकाच्या कार्यक्रमात झालर कुठल्या रंगाची होती, हे लोक विसरतात. मागच्या रांगेत शब्द कळला नाही, हे विसरत नाहीत. पुढची ऑर्डर तिथेच जाते.

मग मोठे स्पीकर लावायचे का? नाही. मांडवच घुमत असेल तर आवाज वाढवून गोंधळच वाढतो. आधी मांडव सुधारा.

१. टाळी वाजवा. रिकाम्या मांडवात स्टेजसमोर उभं राहून एक जोरदार टाळी द्या. ती परत आली किंवा थरथरत राहिली, तर पत्रे आवाज परत फेकतायत. त्यांच्यापुढे वीतभर अंतर ठेवून जाड पडदा चुण्या पाडून सोडा. ताणलेल्या पातळ कापडाचा फारसा उपयोग नाही.

२. स्टेजवर चाला. पोकळ प्लायवूड पावलागणिक घुमतं आणि माईक तो आवाज उचलतो. वर जाड कार्पेट टाका.

३. स्पीकर उंच आणि माईकच्या पुढे ठेवा. माईकच्या मागे ठेवले तर शिट्टी वाजणारच. तोंड प्रेक्षकांकडे, किंचित खाली झुकलेलं.

४. लांब मांडवात मध्ये आणखी एक जोडी लावा. इथे एक गंमत आहे. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, तारेतून मात्र लगेच पोचतो. मधली जोडी ३४ मीटरवर असेल, तर स्टेजकडचा आवाज तिथे सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो आणि एकच शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून साउंडवाल्याला त्या जोडीला 'डिले' द्यायला सांगा: दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद.

५. जनरेटर लांब, स्टेजच्या मागच्या बाजूला.

आता कायदा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सवलत फक्त सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशी. कापडी मांडव आवाज अडवत नाही. म्हणून दोन दणदणीत स्पीकरपेक्षा जागोजागी लावलेले छोटे स्पीकर बरे. प्रेक्षकांनाही कळतं, शेजारीही झोपतात.

आणि हे सगळं फुकट देऊ नका. कोटेशनमध्ये 'आवाजाची तयारी' अशी वेगळी ओळ टाका. पडदे आणि कार्पेट एकदाच घ्यायचे, भाडं प्रत्येक ऑर्डरला मिळतं. कार्यक्रमाआधी ग्राहकाला शेवटच्या खुर्चीवर बसवा आणि स्टेजवरून कुणाला तरी बोलायला सांगा. त्याला शब्द न् शब्द कळला, की दराची घासाघीस आपोआप कमी होते!